वायरीची मान

प्लेअर बॅगेच्या तळाशी आणि कॉलरला चिमट्याने अडकवलेला बोटाएवढा रिमोट, हा सोनीच्या मिनीडिस्क प्लेअरचा, म्हणजे छोट्या चकतीवरची गाणी वाजवणाऱ्या यंत्राचा, नेहमीचा थाट. हा रिमोट टीव्हीच्या रिमोटसारखा हवेतून बोलत नाही, हेडफोनच्या वाटेवर वायरीतच बसतो. त्याचा प्लग जोडीचा असतो: एक साडेतीन मिलिमीटरची पिन आणि शेजारी चार बारीक पट्ट्यांची चपटी जीभ. पिन गाणं नेते, जीभ हुकूम नेते. गाणं झकास ऐकू येतंय पण बटणं मेलीत, तर संशय जिभेवर घ्यावा. एकच कान वाजत असेल तर आधी दुसरा हेडफोन लावून बघावा आणि मगच वायरीला दोष द्यावा.

त्याच्याही आधी 'होल्ड'ची कळ बघावी. ती प्लेअरवर वेगळी असते आणि रिमोटवर वेगळी, आणि सरकायला खिसा पुरतो.

जिभेतून जाणारा हुकूम फार साधा असतो. प्रत्येक बटणामागे वेगळा रेझिस्टन्स; बटण दाबलं की प्लेअर व्होल्टेज मोजतो आणि कुठलं बटण ते ओळखतो. अँड्रॉइड फोनच्या वायरवाल्या इयरफोनमध्येही हीच युक्ती आहे: मधलं बटण शून्य ओहम, आवाज वाढवणारं 240, कमी करणारं 470. त्यामुळे रिमोट म्हातारा झाला की गप्प बसण्याऐवजी तो भलतंच बोलू लागतो. 'पुढचं गाणं' दाबावं तर आवाज वाढतो. बटणाखालच्या संपर्कावर मळ साचला की रेझिस्टन्समध्ये भर पडते आणि आकडा शेजारच्या बटणाच्या हद्दीत जातो. असा रिमोट टाकायचा नसतो, धुवायचा असतो. पाण्याने नाही, 99 टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या काडीवर दोन थेंब घेऊन.

उघडताना चिमट्यामागचा बारीक स्क्रू काढावा. बाकीचं प्लास्टिक बहुधा खाचांवर अडकलेलं असतं, तिथे जुनं सिमकार्ड घालून अलगद उचकटावं. हे काम परातीत करावं. होल्डच्या कळीखाली स्प्रिंग असली, तर ती नेमकी कपाटाखाली उडते.

बटणं स्वच्छ असूनही रिमोट अधूनमधून दगा देत असेल, तर आजार बहुतेक वायरीच्या मानेत, प्लगमधून ती बाहेर पडते तिथे. रेझिस्टन्स मोजणारा मल्टिमीटर लावावा, बटण दाबून धरावं आणि मान हलवावी. आकडा नाचला की निदान झालं. पडदा असलेल्या रिमोटचं थोडं निराळं: अक्षरं वेगळ्या तारेतून येतात, म्हणून बटणं चालू आणि पडदा कोरा असंही होतं.

रिमोटवर सगळा भार टाकला की काय होतं ते ॲपलने 2009 साली दाखवलं. तिसऱ्या पिढीच्या आयपॉड शफलवरची बटणंच काढून इयरफोनच्या वायरीवर नेली. प्लेअरवर उरली एक सरकती कळ: बंद, ओळीने, कशीही. साधा इयरफोन लावला तर आवाज कमी-जास्त करायची सोय नाही. 2010 च्या शफलवर बटणं मुकाट परत आली.

बदली रिमोट आता जुन्या बाजारातच मिळतो. जपानी विक्रेत्याने 'जंक' लिहिलं असेल तर ते शब्दशः घ्यावं. फोटोत प्लगची जीभ जुळवून पाहावी; शार्प किंवा पॅनासॉनिकचा रिमोट सोनीला चालेल या भरवशावर राहू नये. सोनीतही जीभ जुळली म्हणून सगळी बटणं चालतीलच असं नाही.

जुना फेकण्याआधी त्याचा प्लग मात्र कापून ठेवावा, चार-पाच सेंटिमीटर वायरीसकट. असा प्लग सुटा मिळणं कठीण, बाकीचं सामान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतं. आतल्या तारा केसासारख्या असतात आणि त्यांचा रंग म्हणजेच त्यांचं इनॅमल, वरचा पातळ लेप. ते जाळल्याशिवाय सोल्डर धरत नाही. साधारण 370 अंशांवर, सोल्डरिंग आयर्नच्या टोकाला सोल्डरचा थेंब घेऊन, दोन-तीन सेकंद. हीटश्रिंकची नळी, तापवली की आकसून जोड झाकणारी, आधी ओवायची. ती आठवते पाचवा जोड नीट बसल्यावर.