चायना क्वाडचा निळा धूर: ११० सीसी इंजिन घरी उघडल्याची नोंद

गाडीची ओळख आधी करून देतो. ११० सीसीची चिनी क्वाड, म्हणजे जाड टायरांची चारचाकी एटीव्ही, सेकंड हँड घेतलेली. आडवं इंजिन, एकच सिलिंडर, एअर कूल्ड, ओव्हरहेड कॅम, दोन व्हॉल्व्ह. बोअर (सिलिंडरचा व्यास) ५२.४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४९.५ मिमी, म्हणजे हिशोबाने १०७ सीसीच्या जवळपास. नोंदणी नसल्यामुळे ही रस्त्यावर आणता येत नाही. दिंडोरी तालुक्यात मोहाडीला मामांची द्राक्षबाग आहे, तिथेच तिचं आयुष्य चाललंय: ड्रिपच्या लाइनी बघत फिरणं, रिकामे क्रेट ओढणं, आणि शनिवार-रविवारी माझी हौस.

पावसाळा संपून बागेतल्या रस्त्यांवर फुफाटा झाला आणि सायलेन्सरमधून निळा धूर दिसायला लागला. ऑक्टोबर छाटणी आटपेपर्यंत तो इतका वाढला की मामा म्हणाले, "गाडी आहे का धुराडं रे ही? घडांना वास लागेल अशाने." डिपस्टिकवरची पातळीही दर खेपेला खाली गेलेली. तेल जळतंय हे उघड होतं. प्रश्न एवढाच होता की ते वरून, हेडमधल्या व्हॉल्व्हपाशी उतरतंय की खालून, पिस्टनच्या रिंगा ओलांडून चढतंय.

धूर कधी येतो

रंगावरून निदान सगळेच सांगतात. निळा म्हणजे तेल, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे पाणी. हे खरं असलं तरी अपुरं आहे. एअर कूल्ड इंजिनात कूलंट नसतोच, तेव्हा पांढऱ्याची काळजी बहुधा करू नये. निफाड-दिंडोरीकडच्या थंडीत सकाळी पहिली काही मिनिटं जी पांढरी वाफ निघते, ती पेट्रोल जळताना तयार झालेल्या पाण्याची. गाडी तापली की ती जाते. निळा धूर मात्र कोणत्या क्षणी येतो हे बघावं लागतं, आणि त्यासाठी मागे दुसरा माणूस उभा हवा. माझा मामेभाऊ मोबाइलवर शूटिंग करत मागे राहिला आणि मी बागेच्या बांधावरून गाडी फिरवली.

रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्या स्टार्टला निळा भपका येऊन विरला, किंवा उतारावर रेस सोडल्यावर आणि पुन्हा दिल्यावर भपका आला, तर संशय व्हॉल्व्हच्या दांड्यावरच्या सीलवर आणि दांडा ज्यात सरकतो त्या गाइडवर. रेस बंद असताना इंजिन फिरत राहिलं की इनटेकमध्ये ओढ वाढते आणि ढिल्या सीलमधून हेडमधलं तेल आत खेचलं जातं. याउलट, चढावर ओझं घेऊन रेस देताना सलग धूर आला तर बोट रिंगांकडे. आमच्या शूटिंगमध्ये क्रेटची ट्रॉली लावून चढ चढताना धूर सलग दिसत होता, आणि रेस सोडल्यावर वेगळा भपकाही येत होता. म्हणजे दोन्ही. फक्त सील बदलून सुटका होईल ही आशा तिथेच मावळली.

इंजिन उघडण्याआधीच्या स्वस्तातल्या गोष्टी बघून घेतल्या. तेल जास्त भरलेलं नव्हतं. ब्रीदरची (इंजिनच्या पोटातली हवा बाहेर सोडणारी) नळी मोकळी होती, पण तिच्या तोंडाशी हात धरला की फसफस जाणवायची आणि हाताला तेल लागायचं. जळालेला गॅस रिंगा ओलांडून क्रँककेसमध्ये उतरतोय याची ही खूण.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा, सेल्फ मारत राहायचं. कोरड्यात ८५ पीएसआय. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडल्यावर १२० च्या वर. तेलाने आकडा चढला म्हणजे गळती रिंगांतून, हे पुस्तकी उत्तर. पण आडव्या इंजिनात सोडलेलं तेल सिलिंडरच्या खालच्या बाजूलाच साचतं, वरच्या अर्ध्या भागाला लागतच नाही. त्यामुळे या इंजिनात ओल्या चाचणीत आकडा चढला नाही तरी रिंगा निर्दोष ठरत नाहीत. मला जास्त भरवसा हवेच्या चाचणीचा. जुन्या स्पार्क प्लगचं आतलं चिनीमातीचं काढून त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह ब्रेझिंग करून घेतला, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (हेडकडच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद) आणला आणि छोट्या कॉम्प्रेसरने हवा भरली. पिस्टन अगदी टीडीसीला नसेल तर हवेच्या दाबाने क्रँक झटक्यात फिरतो, म्हणून फ्लायव्हीलच्या नटावर पाना अडकवलेला असेल तर तो आधी काढा. कार्ब्युरेटरशी कान लावला, शांत. सायलेन्सरमध्ये अगदी बारीक फुसफूस. डिपस्टिक काढल्यावर तिथून मात्र जोरात सूं. निकाल लागला: मुख्य दोष रिंगांचा.

वरचा भाग उतरवला

पिकअपमधून गाडी इंदिरानगरच्या घरी आणली. या इंजिनाचं सुख असं की हेड आणि ब्लॉक फ्रेममधून इंजिन न काढताही निघतात. तरी मी पूर्ण इंजिन उतरवलं, कारण मला क्लचच्या बाजूचं झाकणही उघडायचं होतं. या घराण्याच्या इंजिनांना कागदी ऑइल फिल्टर नसतो. एक जाळी असते, आणि क्रँकवर फिरणारं एक झाकण, ज्यात गाळ बाहेरच्या कडेला फेकला जाऊन चिकटून राहतो. तेल बदललं तरी तो गाळ तिथेच राहतो. माझ्या झाकणात काळ्या घट्ट गाळाचा थर बसला होता, आणि बोटांत चोळला तर कचकच लागत होती.

ही कचकच पुढे ब्लॉकमध्येही दिसली. भिंतीवरच्या होनिंगच्या (दगडाने घासून मुद्दाम पाडलेल्या) तिरप्या रेषा गायब, त्याजागी मळकट राखाडी घासलेपणा. रिंगांच्या कडा हाताला कापतील इतक्या धारदार झालेल्या. वरची रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून फिलर गेज घातलं तर टोकांतली फट ०.६५ मिमी. बोअरच्या दर मिलिमीटरला ०.००३ ते ०.००४ या ढोबळ नियमाने ती ०.१६ ते ०.२१ हवी. हे धुळीने खाल्लेलं इंजिन होतं. तेल संपून घासलं असतं तर पिस्टनवर चिकटल्याचे ओरखडे आणि वितळलेले पट्टे दिसले असते, तसं काही नव्हतं.

शेजारचे काका मायकोतून (आताची बॉश) निवृत्त झालेले आहेत. डिझेलच्या नोझलच्या सुया मायक्रॉनमध्ये मोजण्यात त्यांची नोकरी गेली. नाशिकमध्ये इंजिन उघडण्याचा हाच फायदा, सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे दर दोन गल्ल्यांआड असा एक माणूस निघतो. काका स्वतःचं बोअर गेज घेऊन खाली आले, ब्लॉक सावलीत ठेवायला लावला, आणि तो गार होईपर्यंत मोजायलाच तयार होईनात. मापं अशी: वरच्या रिंगेच्या पट्ट्यात ५२.५१, तळाशी ५२.४२. म्हणजे वर सगळ्यात जास्त झीज, जशी असते तशीच. "नोझल असती तर भंगारात टाकली असती," एवढंच म्हणून ते चहाला बसले.

पर्याय दोन होते. सातपूरच्या लेथवाल्याने रिबोअर (सिलिंडर आतून थोडा मोठा कापणं) आनंदाने करून दिलं असतं, पण या बोअरचा ओव्हरसाइज पिस्टन बाजारात मिळेना. एका मेकॅनिकने "स्प्लेंडरचंच सामान लागतं याला" असं ठासून सांगितलं. हा समज कुठून आला ते कळतं. स्प्लेंडरच्या ९७.२ सीसी इंजिनाचा स्ट्रोकही ४९.५ मिमीच आहे आणि दोन्ही घराणी होंडाच्या जुन्या आडव्या इंजिनांपर्यंत जातात. पण तिकडे बोअर ५० मिमी आहे, पिस्टन इथे बसणार कसा? शेवटी ब्लॉक, पिस्टन, रिंगा असं पूर्ण किट ऑनलाइन मागवलं, सोबत व्हॉल्व्ह सीलसकट गॅस्केट सेट.

किट नवं आहे म्हणून मोजायचं सोडू नका. नवा ब्लॉक काकांच्या गेजवर ५२.४१ भरला. पिस्टन, स्कर्टच्या तळाशी आणि गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात मोजलेला, ५२.३७. फट ०.०४, चालेल. रिंगेची फट ०.२०, उत्तम. नशिबाने कानस लावावी लागली नाही.

धुण्याबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण इथे बरेच जण पेट्रोलचा फडका मारून मोकळे होतात. होनिंगच्या रेषांत अडकलेली दगडाची पूड पेट्रोलने किंवा रॉकेलने निघत नाही, ती नुसती पसरते. गरम पाणी, कपड्याची पावडर आणि ब्रश. पांढरा कपडा आतून फिरवल्यावर राखाडी डाग पडायचा थांबेपर्यंत घासायचं, मग लगेच सुकवून तेलाचा हात द्यायचा, नाहीतर बिडावर तासाभरात गंज धरतो. हे सगळं मोरीत झालं. घरातल्यांनी त्यावर जे मत दिलं ते इथे छापण्यासारखं नाही.

हेडमध्ये जुने सील लाकडासारखे कडक निघाले. गाइडमध्ये व्हॉल्व्ह हलवून पाहिले, खेळ जाणवला नाही, गाइड तसेच ठेवले. लॅपिंग पेस्टने दोन्ही व्हॉल्व्ह घासून बसवले आणि पोर्टमध्ये पेट्रोल भरून ठेवलं, एक थेंब झिरपला नाही. कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून पाहिला, ठक लागली नाही. आडवा खेळ थोडा असतो, त्याला घाबरू नये.

जोडणीत नेहमीचेच नियम. क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ कपडा कोंबल्याशिवाय सर्क्लिपला (गजन पिन अडकवणाऱ्या क्लिपला) हात लावायचा नाही, आणि जुनी सर्क्लिप पुन्हा वापरायची नाही. पिस्टनवरची खूण इनटेककडे, रिंगांवरची अक्षरं वर, फटी एकमेकींपासून १२० अंशांवर. टायमिंग चेन तारेने बांधून ठेवायची. हेडच्या एका स्टडच्या भोकातून तेल कॅमकडे चढतं, तिथला तांब्याचा वॉशर त्याच जागी परत गेला पाहिजे. फ्लायव्हीलवरची टी खूण आणि कॅम स्प्रॉकेटची खूण जुळवल्यावर इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून पाहिलं. टॅपेटची (व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवायची) फट इंजिन थंड असताना ०.०५ मिमी, दोन्हीकडे.

धूळ आली कुठून

हा प्रश्न सोडला असता तर नवं किटही पुढच्या हंगामापर्यंत गेलं असतं. आधीच्या मालकाने मूळ एअरबॉक्स काढून छोटा उघडा फिल्टर लावला होता. त्याचा फोम कोरडा होता, पण खरा चोर फिल्टरमागचा रबरी बूट, म्हणजे कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी. क्लॅम्पखाली तो चिरलेला, वरून दिसतही नव्हता. कार्ब्युरेटरच्या तोंडात बोट फिरवलं तर बारीक लाल माती. बागेत दोन ओळींमधून समोर ट्रॅक्टर चाललेला असताना मागे क्वाड काय श्वास घेत असेल बघा. नवा बूट टाकला, बंद एअरबॉक्स बसवला, आणि फोम धुऊन फिल्टरच्या तेलात भिजवून पिळून लावला. कोरड्या फोममधून बारीक धूळ आरपार जाते.

तेल साधं मिनरल २०डब्ल्यू-४०, डब्यावर जेएएसओ एमए (तेलात बुडालेल्या क्लचसाठीचं मानक) बघून. क्लच याच तेलात बुडालेला असतो, म्हणून कारचं तेल नको, क्लच घसरतो.

सुरू केल्यावर जोडणीचं तेल जळेपर्यंत धूर झाला, मग थांबला. उभी ठेवून आयडलवर तापवत बसलो नाही. रिंगा ओझ्याखाली बसतात, म्हणून बांधावर रेस कमी-जास्त करत फिरवली, मध्ये गार होऊ दिली. पहिलं तेल लवकर सोडलं, त्यात चांदीसारखी चमक होती. दुसऱ्यात जवळजवळ नाही. टॅपेट पुन्हा तपासले, इनटेकचं किंचित घट्ट झालं होतं. कॉम्प्रेशन आता १४५. ट्रॉली लावून त्याच चढावर पुन्हा शूटिंग केलं, निळं काही नाही.

उरलंय ते काळ्याचं, म्हणजे पेट्रोल जास्त होण्याचं. बंद एअरबॉक्समुळे हवा कमी झाली आणि प्लग काजळतोय. आधीच्या मालकाने उघड्या फिल्टरसाठी मोठा मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं भोक) टाकला असणार. एक-एक नंबर खाली उतरत बघतो. नव्या बुटाच्या आतल्या बाजूला ग्रीसचा पातळ हात देऊन ठेवलाय. मामांच्या पुढच्या फवारणीनंतर तो उघडून बघेन. ग्रीसवर माती चिकटलेली दिसली तर हवा अजून कुठून तरी चोरून येतेय, आणि मग जेटच्या आधी तेच काम.