पिनबॉलच्या पेटीतला जळका वास

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून एका ताईंचा फोन आला, तोही गणपतीच्या मंडपांची कामं जोरात असताना. "दादा, पोराच्या त्या गेमच्या पेटीतनं जळाल्यासारखा वास यालाय. मेन बंद करून ठेवलंय." मेन बंद केलाय म्हटल्यावर जरा धीर आला, तरी मंडपाच्या लायटिंगचं काम पोरांवर सोपवून मी लगेच निघालो. जळका वास उद्यावर ढकलायचा नसतो.

पेटी बघून मी थक्कच झालो. पिनबॉल म्हणजे बटणं दाबून चेंडू उडवत ठेवायचा खेळ; त्याच्या खऱ्या मशीनच्या मापाची, प्लायवूडची, चार पायांवर उभी. काचेखाली खेळाच्या फळीच्या जागी आडवा टीव्ही, मागच्या उभ्या खोक्यात दुसरा स्क्रीन, पोटात कॉम्प्युटर. चेंडू पडद्यावर पळतो, पण बटणं खरी आणि दिवेही खरे. टीव्हीच्या मागच्या कडेला ओळीनं पाच एलईडी दिवे. प्रत्येक 3 वॉटचा, एकेका दिव्यात लाल, हिरवी आणि निळी अशा तीन चिप. चेंडू बंपरवर, म्हणजे त्याला उडवून लावणाऱ्या खुंटावर, आपटला की ते असे लखलखतात की नजर ठरत नाही. मुलगा इंजिनिअरिंगला आहे. वायरिंगही त्यानंच केलेलं, प्रत्येक वायरीला चिठ्ठी लावलेली. इतक्या नेटक्या कामात जळतंय काय, हेच मला कळेना.

"काका, आधी काहीच होत नव्हतं," तो म्हणाला. "चांगला बोर्ड बसवल्यापासनंच व्हायला लागलंय."

उत्तर त्याच्या बोलण्यातच होतं. पूर्वी दिवे यूएलएन 2803 या चिपवरून चालत; ही दिव्यातली चिप नव्हे, दिवे चालू-बंद करणारी. तिच्या एका चॅनलची मर्यादा 500 मिलीअँपिअर, पण आठही चॅनल एकदम ओढायला लागले की चिप तापते आणि तेवढं झेपत नाही. ती तापते म्हणून त्यानं मॉसफेटचा, म्हणजे जास्त करंट झेपणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचा, दणकट बोर्ड आणला. निर्णय योग्यच होता. फक्त दिव्यांचा करंट आवरणारे रेझिस्टर जुनेच राहिले, आणि ते जुन्या चिपचा हिशेब धरून निवडलेले होते.

त्या चिपमध्ये चालू स्थितीत साधारण एक व्होल्ट खर्ची पडतो. सप्लायच्या 5 व्होल्टमधून तो एक गेला, लाल चिपचे 2.2 गेले, उरलेल्या दीड-पावणेदोन व्होल्टवर 350 मिलीअँपिअरसाठी त्यानं 4.7 ओहम घातला होता. अगदी बरोबर. हिरव्या-निळ्याला 3.2 व्होल्ट लागतात, म्हणून तिथं 2.2 ओहम. तेही बरोबर. मॉसफेटमध्ये मात्र जवळपास काहीच खर्ची पडत नाही. तो वाचलेला व्होल्ट सरळ दिव्याच्या आणि रेझिस्टरच्या वाट्याला आला. मी वायरीच्या मध्ये मीटर जोडून मोजलं तर लाल चिप 600 मिलीअँपिअरच्या आसपास ओढत होती आणि निळी त्याहून थोडी जास्त. लालच्या 1 वॉटच्या रेझिस्टरवर दीड वॉटहून जास्त उष्णता. त्याचा रंग काळपट पडला होता.

इथं जुन्या बल्बची सवय माणसाला फसवते. जुन्या पिनबॉल मशीनमध्ये 6.3 व्होल्टचे तारेचे बल्ब असत. तार तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, म्हणजे बल्ब स्वतःच स्वतःला आवरतो. एलईडीचं उलटं आहे. ती तापली की तिला लागणारा व्होल्ट कमी होतो, मग करंट आणखी वाढतो, मग ती आणखी तापते. तिला बाहेरून लगाम लागतोच, आणि तो लगाम म्हणजे रेझिस्टर किंवा करंट ठराविकच ठेवणारा कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर. मंडपाच्या लायटिंगवाल्या पोरांना मी हे कायम सांगतो: एलईडीला व्होल्ट किती दिले हे नंतर, तिच्यातून करंट किती जातोय ते आधी बघा.

खेळताना दिवे क्षणभर पेटून विझतात, म्हणून इतके दिवस निभावलं. त्या दिवशी मित्रांना दाखवायला पोरानं पाचही दिवे सलग पांढरे करून ठेवले होते. पंधरा चिप, एकूण नऊ अँपिअरच्या वर. आणि हा सगळा करंट ज्या एका कॉमन प्लस वायरीतून जात होता ती नेटवर्क केबलमधली एक बारीक तार होती. तिचं इन्सुलेशन मऊ होऊन लाकडाला चिकटलं होतं. वास त्याचा.

पोराचे वडील बाजूला उभे होते. "पाच व्होल्टला काय हुतंय ओ? हात लावला तरी शॉक बसत नाही."

शॉक बसत नाही हे खरंच आहे. मी त्यांना एसएमपीएसवरचा, म्हणजे 230 चे 5 व्होल्ट करणाऱ्या सप्लायच्या डब्यावरचा, आकडा दाखवला: 5 व्होल्ट, 20 अँपिअर. तो सप्लाय 20 अँपिअरपर्यंत काहीही तक्रार न करता देत राहणार, कारण तेच त्याचं काम. पुढची तार बारीक आहे हे त्याला कळायचा मार्ग नाही. तेवढा करंट त्या तारेतून गेला तर तिच्या एका मीटरमध्ये 30 वॉटपेक्षा जास्त उष्णता तयार होते. आमचा रोजचा सोल्डरिंग आयर्न 25 वॉटचा. असा आयर्न प्लायवूडला टेकवून घर बंद करून गावाला जाल का, म्हणून विचारलं. त्यांनी मान हलवली आणि पुढं मी सांगेन ते सामान आणून दिलं.

काम फार मोठं नव्हतं. लालला 8.2 ओहम, हिरव्या-निळ्याला 5.6 ओहम, सगळे 2 वॉटचे, आणि लाकडापासून लांब, हवेत उभे. कॉमन प्लसला घरातली दीड चौरस मिलिमीटरची वायर. गाडीच्या पार्ट्सच्या दुकानातून ब्लेड फ्यूजचा डबा आणला. प्रत्येक दिव्याच्या प्लसला 2 अँपिअरचा फ्यूज, आणि सप्लायच्या तोंडाशी 7.5 चा. फ्यूज वायरीसाठी असतो, दिव्यासाठी नाही. दिवा वाचवायचं काम रेझिस्टरचं.

दिवे नुसत्या प्लायवर स्क्रूनं बसवले होते. दिव्याच्या बुडाशी असते ती चांदणीच्या आकाराची ॲल्युमिनियमची बारकी चकती 3 वॉटची उष्णता एकटी झेलू शकत नाही. उद्यमनगरातून ॲल्युमिनियमची पट्टी कापून आणली, थर्मल पेस्ट लावून पाचही दिवे तिच्यावर घेतले आणि एकही टोक पट्टीला लागत नाही हे मीटरनं तपासलं. मग 230 व्होल्टची बाजू. एसएमपीएसचे स्क्रू उघडे होते, त्यावर झाकण बसवलं. त्याच्या बॉडीला आणि पेटीच्या धातूच्या भागांना अर्थिंग जोडलं, कारण ते नव्हतंच. हे बघून मला त्या वासापेक्षा जास्त काळजी वाटली.

दिव्यांवर दुधी टोप्या बसवायला लावल्या. घरात लहान मुलं येतात, आणि जोरात चमकणाऱ्या प्रकाशानं काहींना फिट येऊ शकते. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमकणारे इफेक्ट मंद ठेव, हे पोराला बजावून सांगितलं.

पुन्हा सगळे दिवे पांढरे करून ठेवले आणि चहा होईपर्यंत थांबलो. एकूण करंट पाच अँपिअरच्या आत. पट्टीवर हात ठेवता येत होता, वायर गार. उजेड कमी झालाय का, म्हणून पोरगा निरखून बघत होता. त्याला फरक दिसला नाही.

मग त्यानं एका कप्प्यातून कॉइल काढली, ठोका वाजवणारी. "काका, ही पण आत्ताच जोडूया की." तिच्यावर डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग, नव्हता. कॉइल बंद होताना उलटा जोराचा झटका देते, त्यात मॉसफेट जातो, आणि जाताना तो बहुतेक वेळा शॉर्ट होऊनच जातो. मग कॉइल सतत चालू राहून स्वतः जळते. मी ती जोडली नाही. तिच्या वायरीची टोकं टेप लावून बंद केली आणि डायोड व तिच्यासाठी वेगळा फ्यूज आणून ठेवायला सांगितलं.