पोळी विकत मिळते, कट मिळत नाही

होळी जवळ आली की पुरणपोळीच्या ऑर्डरी सुरू होतात. विकतच्या पोळ्या मऊ असतात, दिसायलाही देखण्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण पाकिटातून कट येत नाही. आणि जेवणारं घर कुठलं, हे पोळीपेक्षा कटाच्या आमटीवरून लवकर कळतं.

कट म्हणजे पुरणाची चणाडाळ शिजल्यावर गाळून घेतलेलं पाणी. कुठे त्याला येळवणी म्हणतात, खानदेशात त्याची रशी होते. तो हवा असेल तर डाळ पातेल्यातच शिजवावी लागते. 1 वाटी डाळ 2 तास भिजवून 5 वाट्या उकळत्या पाण्यात टाकायची, सोबत चिमूटभर हळद आणि चमचाभर तेल. वर येणारा फेस काढत राहायचं, नाहीतर आमटीला उग्र वास येतो. दाणा दोन बोटांत दाबल्यावर त्याचं पीठ व्हायला हवं, तोवर गुळाला हात लावायचा नाही. एकदा गूळ पडला की डाळ पुढे शिजत नाही. कणी राहते, आणि लाटताना पोळी फाडते ती हीच कणी. घाईसाठी सोडा घातला तर डाळ शिजते खरी, पण कटाला साबणासारखी चव येते. कुकरमध्ये बेताच्या पाण्यात 4 शिट्ट्या काढल्या की पुरण होतं, कट मात्र उरत नाही. घराघरांतून आमटी हद्दपार झाली ती इथून.

डाळ चाळणीवर 10 मिनिटं निथळली की 1 वाटी चिरलेला गूळ घालून आटवायचं. उलथणं पुरणात उभं राहिलं की गॅस बंद, आणि गरम असतानाच यंत्रातून फिरवायचं. गार पुरण यंत्राला दाद देत नाही. कणीक पुरणाइतकीच मऊ हवी. पुरण घट्ट आणि कणीक सैल झाली तर पुरण मधेच गोळा होऊन राहतं, कडा कोरड्या पडतात.

आता आमटी. कटात दोन चमचे पुरण, चिंचेचा कोळ, भाजून वाटलेलं सुकं खोबरं आणि मसाला. कुठला मसाला, इथेच घरं वेगळी होतात. ब्राह्मणी घरात गोडा, देशावर अनेक घरांत काळा, कोल्हापूरकडे कांदा-लसूण. नैवेद्याच्या आमटीत मात्र कांदा-लसूण पडत नाही, म्हणून एकाच घरात सणाची आमटी वेगळी आणि एरवीची वेगळी. ती पातळच ठेवावी, गार होताना दाटते.

पोळीही बदलते, नाही असं नाही. देशावर ती पिठावर लाटतात, तेलपोळी तेलावर. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, तेव्हा चुलीवर मातीचं खापर उपडं पडतं. तिथे लाटणं चालत नाही. पाणी लावून तिंबलेली कणीक हातांवरच मोठी करत जायची आणि अलगद खापरावर टाकायची. कणीक कमी तिंबली असेल तर ती हातावरच फाटते. मुक्ताबाईने ज्ञानेश्वरांच्या पाठीवर भाजले अशी आख्यायिका आहे ते मांडे याच कुळातले. एवढी कसबी पोळी, पण सोबत रशी आणि आमरस नसेल तर खानदेशी माणूस त्याला जेवण म्हणणार नाही.

पोळ्याला बैलांना पुरणपोळी भरवतात, गौरींना तिचा नैवेद्य दाखवतात. ते विकतच्या पोळीनेही होतं, देव आणि बैल दोघेही तक्रार करत नाहीत. म्हणून पोळ्या खुशाल विकत आणा, फक्त अर्धी वाटी डाळ घरी शिजवा. 3 वाट्या पाणी पुरतं. डाळ गाळून घ्या, त्यातले दोन चमचे वाटून कटात परत घाला, पुरण नसल्याने लिंबाएवढा गुळाचा खडा टाका. थोडी जास्तच करा, दुसऱ्या दिवशीची आमटी मुरलेली असते.