कपड्यांतला हट्टी वास: सोडा कुठे, व्हिनेगर कुठे (माझा अनुभव)

कपड्यांचा वास घालवायचा म्हटलं की घराघरांत सोडा आणि व्हिनेगर एकदमच बाहेर निघतात. दोन्ही कामाचे आहेत, पण एकाच वासावर नाहीत आणि एकाच बादलीत तर मुळीच नाहीत. एकत्र केले की फेस भरपूर येतो. तो फेस म्हणजे दोघांनी एकमेकांना संपवताना सुटलेला कार्बन डायऑक्साइड. बादलीत उरतं ते सोडियम अ‍ॅसिटेटचं पाणी, त्यात ना सोड्याचा गुण, ना व्हिनेगरचा. म्हणून मी आधी वास कशाचा आहे ते पाहते, मग काय वापरायचं ते ठरवते.

घामाचा आणि पावसाळी कुबट वास बराचसा आम्लांचा असतो, त्याला सोडा लागू पडतो. मासळीचा वास अल्कधर्मी, त्याला व्हिनेगर. डांबरगोळीचा वास या दोन्हींना दाद देत नाही, त्याला नुसती हवा लागते.

आधी कुबट वासाचं बघू, कारण जून ते सप्टेंबर कोकण, मुंबई, गोवा या पट्ट्यात प्रत्येक घराला तो छळतो. कपडा धुतलेला असतो, वाळल्यावर वासही नसतो, पण अंगात घातला आणि घाम आला की दहा मिनिटांत परत येतो. म्हणजे वास वरवरचा नाही. धाग्यांत अंगाचं तेल आणि साबणाचा थर राहिला आहे आणि त्यावर जिवाणू जगत आहेत. जपानमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये या ओल्या कपड्यांच्या वासाला जबाबदार असलेला जिवाणू नेमका दाखवून दिला: मोराक्सेला ऑस्लोएन्सिस. हा कोरडेपणातही तग धरतो, त्यामुळे ‘एकदा कडक ऊन दाखवलं की झालं’ असं होत नाही. त्याला उष्णता लागते, आणि त्याचं खाद्य असलेला तेलकट थरही निघावा लागतो.

सुती कपड्यांसाठी मी असं करते. बादलीत आधी पाच लिटर नळाचं पाणी आणि मग पाच लिटर उकळतं पाणी, या क्रमानेच, म्हणजे प्लॅस्टिक वाकत नाही. पाणी साधारण ६० अंशांवर येतं. त्यात धुण्याचा सोडा दोन मोठे चमचे सपाट भरून, म्हणजे साधारण ३० ग्रॅम, आणि नेहमीची पावडर नेहमीच्या निम्मी. सोडा पूर्ण विरघळल्यावरच कपडे घालायचे, नाहीतर खडे बसतात तिथे रंग उडतो. बादलीवर झाकण ठेवून अर्धा ते पाऊण तास. हात घालायचा तर हातमोजे घालूनच, धुण्याचा सोडा कातडी सोलवटतो. खायचा सोडा इथे फारसा चालत नाही. तो फार सौम्य आहे, त्याच्या पाण्याचा पीएच ८ च्या थोडा वर जातो, तर धुण्याच्या सोड्याचा ११ च्या आसपास. तेल सुटायला हा जोर लागतो. धोब्यांची भट्टी याच जोरावर चालायची: खार आणि वाफ.

मग कपडे चोळून दोन पाण्यांतून काढायचे. तिसऱ्या पाण्यात व्हिनेगर: दहा लिटरला अर्धा कप पांढरं व्हिनेगर, दहा मिनिटं. व्हिनेगर नसेल तर एक छोटा चमचा सायट्रिक अ‍ॅसिड, तेच किराणा दुकानातलं लिंबूफूल. आता सोडा निघून गेलेला असतो, त्यामुळे दोघांची गाठ पडत नाही. उरलासुरला सोडा आणि बोअरच्या जड पाण्याने धाग्यांवर बसलेला क्षारांचा थर यात सुटतो. व्हिनेगरचा स्वतःचा वास वाळताना उडून जातो. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळायची: क्लोरीनचं ब्लीच वापरलेल्या कपड्यावर किंवा बादलीत व्हिनेगर, लिंबूफूल काहीही घालायचं नाही. क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

रंगाची खात्री नसेल तर आतल्या शिवणीवर सोड्याच्या पाण्याचे दोन थेंब टाकून पांढरं फडकं दाबून बघायचं. फडक्याला रंग लागला तर हा उपाय त्या कपड्यासाठी नाही. रेशीम आणि लोकर यांना सोडा कधीच नाही. ते प्राण्यांपासून मिळणारे प्रथिनांचे धागे, अल्कलीने त्यांची चमक जाते आणि धागा कुजतो. त्यांना कोमट पाण्यात रिठ्याचा फेस पुरतो.

व्यायामाचे टी-शर्ट वेगळे हाताळावे लागतात. पॉलिएस्टर पाणी पीत नाही पण तेल धरून ठेवतं, म्हणून सुती बनियन साध्या धुण्यात स्वच्छ होतं आणि तोच घाम पॉलिएस्टरमध्ये महिनोन्‌महिने राहतो. शर्ट उलटा करायचा, काखेच्या भागावर भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब टाकून बोटांनी चोळायचं आणि पंधरा मिनिटं ठेवायचं. मग पाच लिटर कोमट पाण्यात, फार तर ४० अंश, धुण्याचा सोडा एक मोठा चमचा आणि तासभर भिजत. ६० अंश इथे नको, इलॅस्टिक सैल पडतं. काखेत पिवळा, पुठ्ठ्यासारखा कडक भाग झाला असेल तर तो नुसता घाम नसतो. घाम रोखणाऱ्या रोल-ऑनमधले अ‍ॅल्युमिनियमचे क्षार घामातल्या घटकांशी मिळून तिथे बसलेले असतात. त्याला आधी व्हिनेगर आणि पाणी समसमान, अर्धा तास, मग खळखळून धुवायचं, मग सोडा. हा क्रम उलटा केला तर क्षार हलत नाहीत आणि सोडा वाया जातो. आणि फॅब्रिक कंडिशनर या कपड्यांना अजिबात लावू नये. त्याचा मेणचट थर वास आतच कोंडतो, वर सुगंध असतो म्हणून आठवडाभर कळत नाही इतकंच.

मासळीच्या वासात ट्रायमिथाइलअमाइन असतं. आम्लाशी संयोग झाला की त्याचं न उडणारं मीठ बनतं आणि वास थांबतो. मासळीला कोकमाचं आगळ किंवा लिंबू लावतात तेव्हा चव येतेच, पण हेही घडतं. कपड्याला आगळ लावलं तर डाग पडेल, म्हणून दोन लिटर थंड पाण्यात पाव कप व्हिनेगर, वीस मिनिटं, मग नेहमीचा साबण. गरम पाणी शेवटी. आधी गरम घातलं तर मासळीच्या पाण्यातलं प्रथिन कपड्यावर शिजून चिकटतं. फोडणीच्या वासाला यातलं काही लागत नाही. तो तेलाचाच वास, तो भांड्याच्या लिक्विडने आणि गरम पाण्याने जातो.

डांबरगोळीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तिथे चुकीचे उपाय फार सांगितले जातात. नॅफ्थलीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून धुवून वास जात नाही. ते आम्लही नाही आणि अल्कलीही नाही, म्हणून सोड्याची वाटी काय किंवा व्हिनेगर काय, दोन्ही फुकट. पण ते घन रूपातून थेट हवेत उडून जातं, गोळी झिजते ती त्यामुळेच. तेवढाच मार्ग आहे. साडीची घडी पूर्ण मोडायची, पदर मोकळा सोडायचा, सावलीत दांडीवर एकेरी टाकायची, जवळ पंखा लावायचा आणि रोज बाजू बदलायची. जरीला आणि रेशमी रंगांना थेट ऊन नको. सुती कपडा असेल तर ऊन चालतं आणि काम लवकर होतं. कपाटही त्याच वेळी रिकामं करून उघडं ठेवायचं, नाहीतर लाकडात मुरलेला वास साडीला पुन्हा लागतो. पुढे कपाटात गोळ्यांऐवजी वेखंडाची पुरचुंडी ठेवावी. तिचाही वास लागतो, पण तो सहज उडतो.

ज्या घरात बाळ येणार आहे तिथे हे वाचून सोडू नका. आपल्याकडे दुपटी आणि बाळाला गुंडाळायला मऊ झालेली जुनी लुगडी ट्रंकेतून काढतात आणि त्या ट्रंकेत बहुधा डांबरगोळ्या असतात. ज्या बाळांमध्ये जन्मतः जी६पीडी हे विकर कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनने फुटतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. बाळाला ही कमतरता आहे हे आपल्याला आधी ठाऊक नसतं. म्हणून बाळाचे कपडे डांबरगोळ्यांजवळ ठेवूच नयेत. ठेवलेले असतील तर नुसत्या धुण्यावर विसंबू नये, आणि जराही वास असेल तर ते कापड बाळाला वापरू नये.

आता वाळवणं. इथे हयगय झाली तर वरची सगळी मेहनत वाया जाते. जुलैत हवाच इतकी ओली असते की नुसतं दोरीवर टाकून भागत नाही. पिळलेला कपडा कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबला की बरंच पाणी निघतं. मशीन असेल तर फिरकी दोनदा द्यावी. दोन कपड्यांत चार बोटं अंतर, पंखा चालू आणि खिडकी थोडी उघडी, कारण बंद खोलीत पंखा तीच ओल फिरवत बसतो. जीन्स उलटी करून खिसे बाहेर ओढायचे. शर्ट वाळला की नाही ते पाठीला हात लावून कळत नाही. कॉलरची शिवण, बटणांची पट्टी आणि बाहीचा कफ गालाला लावून बघावा. तिथे दुहेरी कापड असतं, ते गार लागलं तर अजून ओल आहे. सुती कपड्याच्या अशा जागांवर गरम इस्त्री फिरवायची आणि गार झाल्यावरच घडी घालायची. गरम घडीत वाफ अडकते आणि कपाटातला अख्खा गठ्ठा कुबट होतो.

एवढं करूनही प्रत्येक धुण्याला वास येत असेल तर मशीनकडे बघा. पुढून उघडणाऱ्या मशीनच्या दारातलं रबर बोटाने मागे ओढलं की घडीत काळा बुळबुळीत थर दिसतो. तो फडक्याने पुसून काढायचा, पावडरचा खण काढून घासायचा, खालची जाळी साफ करायची, मग १०० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड ड्रममध्ये टाकून सर्वांत गरम पाण्यावर रिकामं मशीन चालवायचं. व्हिनेगर यासाठी वारंवार नको, रबर खराब होण्याची भीती असते. धुणं झालं की दार उघडं. पावडर जास्त टाकायची सवयही सोडावी. न निघालेला साबण हे जिवाणूंचं खाद्यच.

रॉकेल किंवा पेट्रोल सांडलेला कपडा मात्र वास पूर्ण जाईपर्यंत मशीनमध्ये, ड्रायरमध्ये किंवा इस्त्रीखाली नेऊ नये, पेट घेऊ शकतो. तो बाहेर मोकळ्या हवेत टांगायचा आणि मग हाताने, भांड्याच्या लिक्विडने धुवायचा. खांद्यात फोम किंवा आत कॅनव्हास असलेला ब्लेझर घरी भिजवू नये, आतलं अस्तर सुटतं. तो ड्रायक्लीनला द्यावा आणि देताना वास कशाचा आहे ते आवर्जून सांगावं, कारण घाम आणि तेल यांच्यासाठी तिथेही वेगळी तयारी करावी लागते.