जीपचं फाउंडेशन

केळदहून मढे घाटाकडे जाताना ऑगस्टच्या चिखलात जीप रुतली, तेव्हा तो आवाज पहिल्यांदा ऐकला. फोर-लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर, टाकलं, पहिला गिअर टाकला, क्लच हळूच सोडला आणि पायाखाली कुठेतरी ‘ठक्क’ झालं. नवरा म्हणाला, दगड लागला असेल. दगड लागल्याचा आवाज मला कळतो, हा तसा नव्हता. पण वरून पाऊस कोसळत होता आणि गाडी निघाली होती, म्हणून विषय तिथेच मिटला.

जीप २०१४ची, डिझेल, फोर बाय फोर. बॉनेटवर नाव काही का असेना, आमच्या घरात तिला जीपच म्हणतात. सव्वा लाख किलोमीटर झालेत आणि त्यातले बरेचसे वेल्हे, मुळशी, ताम्हिणीकडचे.

पुण्यात परतल्यावर सिंहगड रोडच्या सिग्नलांवर बाकीची लक्षणं दिसायला लागली. उभ्या गाडीत गिअरचा दांडा थरथरायचा आणि आतल्या आरशात मागे एका रिक्षाच्या दोन रिक्षा दिसायच्या. ॲक्सिलरेटर जरासा दाबला की आरसा स्थिर. क्लच सोडला की ठक्क. रिव्हर्स टाकून सोडला की आणखी एक ठक्क, जरा निराळ्या सुरात.

पहिल्या गॅरेजमध्ये सांगितलं, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस गेलेत, म्हणजे चाकांकडे जोर नेणाऱ्या फिरत्या दांड्याचे सांधे. मला पटलं, कारण क्रॉस ढिला झाला की असाच आवाज येतो. क्रॉस बदलले, मजुरी धरून साडेचार हजार गेले, आवाज जागच्या जागी. मग म्हणाले, आता क्लचप्लेट बघू. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! गाडी घेऊन निघाले आणि वाटेत माझ्याच डोक्यात प्रकाश पडला. उभ्या गाडीत शाफ्ट फिरतच नाही, मग क्रॉस खराब असल्याने आरसा कसा थरथरेल? हा प्रश्न साडेचार हजार देण्याआधी सुचायला हवा होता.

धायरीत एक म्हातारे मिस्त्री आहेत, शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर आणि जुन्या जीपच जास्त करतात. त्यांनी गाडीखाली डोकावूनही पाहिलं नाही. म्हणाले, “ताई, बॉनेट उघडा. साहेबांना बसू द्या आत, तुम्ही क्लीनर साइडला, डावीकडे, उभ्या राहा. गाडीसमोर कोणी थांबायचं नाही.” हँडब्रेक, त्यावर पायातला ब्रेक, पहिला गिअर, आणि क्लच नुसता पकडेपर्यंत सोडायचा. नवऱ्याने तसं केलं आणि माझ्या डोळ्यांदेखत इंजिनाची डावी बाजू चांगली दोन बोटं वर उचलली गेली. क्लच दाबला, धप्पकन खाली. रिव्हर्सला मात्र जागची हलली नाही, उलट खाली दबून बसली.

“फाउंडेशन गेलंय,” मिस्त्री म्हणाले. माउंटिंगला गॅरेजात फाउंडेशनच म्हणतात. इंजिन चासीवर ज्या रबरी पायांवर बसतं ते.

डावंच का गेलं, हे त्यांनी ड्रिल मशीनवरून समजावलं. ड्रिलचं पातं लोखंडात अडकलं की मशीन उलटं फिरून मनगट पिरगाळतं ना, तसंच. इंजिन शाफ्टला ज्या दिशेने पिळतं, त्याच्या उलट ते स्वतः कलंडतं. आमच्या गाडीत पुढच्या गिअरला डावी बाजू वर उठते, उजवी दबते. रबर दाबाखाली वर्षानुवर्षं टिकतं, पण ताण त्याला सोसत नाही. लोखंडी पट्टीला चिकटवलेलं असतं तिथूनच ते सुटायला लागतं.

घरी येऊन मी आकडे मांडले तेव्हा केळदच्या ठक्कचा उलगडा झाला. इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा डबा) आमच्याकडे एकमेकांना बोल्टने जोडलेलं एकच धूड आहे. पहिला गिअर पीळ जवळजवळ चौपट करतो, फोर-लो त्याला वर अडीच पट. म्हणजे शाफ्टवर इंजिनाच्या दहापट पीळ जातो आणि तेवढाच उलटा पीळ ही रबरं झेलतात. पंक्चर झालेल्या टायरवर ट्रक चालवावा तसं आम्ही त्या दिवशी केलं होतं. एरवी त्यांचं काम शांतपणाचं. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर नुसतं सुरू असेल, तरी सेकंदाला २६-२७ ठोके पडतात. ते चासीपर्यंत पोहोचू द्यायचे नाहीत, एवढंच.

माल आणायला नाना पेठेत मी रिक्षाने गेले, कारण तिथे जीप लावायला जागा शोधण्यात सकाळ जाते. दुकानदाराने दोन जोड काउंटरवर ठेवले, एक कंपनीचा, एक लोकल. लोकल निम्म्या किमतीत आणि दिसायला जास्त दणकट. मी दोन्हींवर नख दाबून पाहिलं. लोकलवर ओरखडासुद्धा उठला नाही. कडक रबर तुटणार नाही कदाचित, पण सगळे ठोके जसेच्या तसे आत पाठवेल आणि आरशातल्या दोन रिक्षा कायमच्या होतील. कंपनीचा जोड घेतला. “मॅडम, गाडी कुठली आहे ते साहेबांना फोन करून विचारून घ्या,” हे ऐकून घेतलं ते वेगळं. डावं-उजवं दिसायला सारखं वाटतं, पण ब्रॅकेटचा कोन वेगळा असतो, तेव्हा दोन्ही हातात धरून बघून घ्यावीत. आणि एकच गेलं असलं तरी बदलायची दोन्ही. एक ताजं आणि एक दहा वर्षांचं बसलेलं, असं असलं तर इंजिन कलतं.

शनिवारी सकाळी काम सुरू झालं. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. मग जॅक. चेंबरला, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीला, थेट जॅक लावला की पत्रा आत दबतो, आणि ऑइल खेचणारी जाळी तळापासून जेमतेम अंतरावर असते. मिस्त्रींनी जॅकवर सागाची जाड फळी ठेवली, चेंबरच्या पूर्ण रुंदीइतकी, आणि वजन तेवढं उचललं. इंजिन वर चढवायचं नव्हतं. पंख्याची पाती आणि त्याभोवतीचं प्लास्टिक यांच्यात किती जागा उरते यावर माझी नजर ठेवली होती. शिवाय गाडीखाली दोन घोड्या, म्हणजे लोखंडी स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर मिस्त्री स्वतः खाली जात नाहीत आणि दुसऱ्यालाही जाऊ देत नाहीत.

खालचे बोल्ट गंजून जाम झाले होते. आदल्या संध्याकाळी रॉकेल सोडून ठेवलं होतं तरी एक हलेना. गोटीच्या पान्यावर पाइप चढवून दोघांनी जोर लावला, तेव्हा तो असा किंचाळला की शेजारच्या वेल्डिंगवाल्याने मान वर केली. बाकीचे मुकाट आले.

डावं फाउंडेशन हातात आलं ते दोन तुकड्यांत. वरची लोखंडी पट्टी वेगळी, खाली रबराचा गोळा. पट्टीचा पृष्ठभाग मधोमध घासून आरशासारखा चकचकीत, कडेने गंज. म्हणजे ते बरेच दिवस सुटलेलं होतं, फक्त एका कडेने चिकटून होतं, आणि केळदला ती कडही गेली. मागच्या सर्व्हिसिंगला मी स्वतः टॉर्च मारून पाहिलं होतं आणि ठीक वाटलं होतं. वाटणारच! गाडी उभी असताना इंजिनाचं वजन भेग मिटवून टाकतं. रबराची एक बाजू बोटाने दाबली तर चिकट लागली, मऊ मेणासारखी. वरच्या डिझेल फिल्टरमधून पाझरलेलं डिझेल त्याच बाजूने खाली येत होतं. साध्या रबराला डिझेल लागलं की ते फुगतं आणि सडतं. तेव्हा आधी फिल्टरचं वॉशर बदललं. ते न बदलता नवं रबर बसवणं म्हणजे परत नाना पेठ.

नवं बसवताना माझी घाई नडली. उजवं आधी बसलं, मी ते गच्च आवळून टाकलं. मग डावीकडे भोकं जुळेनात, चार-पाच मिलिमीटरने. मी टॉमी (लोखंडी दांडा) घालून इंजिन ढकलायला लागले तर मिस्त्रींनी टॉमी काढूनच घेतली. “आटे खराब करायचे आहेत का?” उजवीकडचे नट परत ढिले केले, मागे गिअरबॉक्सखालचे पण. मग टॉमीची गरजच उरली नाही, इंजिन हाताने हललं आणि बोल्ट बोटाने आत गेला. सगळे नट हातानेच लावले, जॅक उतरवला, गाडी दोन मिनिटं सुरू ठेवली, म्हणजे इंजिन आपली जागा आपण घेतं. बंद करून मग एकेक नट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने.

जाता जाता त्यांनी सायलेन्सरच्या पुढच्या लवचिक तुकड्यावरची बारीक चीर आणि टर्बोच्या होजवरचा घासल्याचा पांढरा पट्टा दाखवला. इंजिन उड्या मारत होतं त्याचीच ही देणगी. होज फिरवून बांधली. सायलेन्सरचं पुढच्या महिन्यात.

वडगावच्या सिग्नलला थांबले तेव्हा आरशात एकच रिक्षा होती आणि तिचा नंबर उलटा का होईना, वाचता येत होता.

पाचशे किलोमीटर झाल्यावर बोल्ट एकदा तपासा, असं मिस्त्रींनी बजावलं होतं. मधल्या काळात एकदा फोर-लो लावून झालं होतं. गेल्या रविवारी गाडीखाली गेले. उजवीकडचे जागचे हलले नाहीत. क्लीनर साइडचा वरचा नट पाव फेरी फिरला.