कपाटावरचा किप्स

मे महिन्यात मालवणला गेलेले तेव्हा सहज जुन्या कॉलेजात डोकावले, लॅबची रंगरंगोटी चालू होती आणि कपाटांवरचं सगळं सामान खाली काढून ठेवलेलं, त्यात तो दिसला. किप्स ॲपरेटस! एकावर एक तीन काचेचे गोळे, वर बोटभर धूळ. रंगारी पोरगा विचारतो, ताई हा हुक्का कोणाचा?

अरे बाबा हुक्का नाही, हा हायड्रोजन सल्फाईडचा कारखाना. १८४४ च्या सुमाराला हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या पेट्रस किप नावाच्या औषधविक्याने काढलेला. मधल्या गोळ्यात फेरस सल्फाईडचे खडे, वरून ॲसिड ओतायचं, ते लांब नळीतून तळाच्या गोळ्यात जातं आणि तिथून चढत खड्यांना लागलं की गॅस सुरू. खरी गंमत नळ बंद केल्यावर. गॅसला बाहेर जायला वाट नाही, मग तोच ॲसिडला खाली दाबतो, ॲसिड नळीतून वरच्या गोळ्यात चढतं, खडे कोरडे पडतात आणि काम बंद. परत नळ उघडा, परत चालू. ना लाईट लागत ना बटण, पावसाळ्यात दिवसदिवस लाईट नसायची तेव्हासुद्धा आमचं सॉल्ट ॲनालिसिस, म्हणजे दिलेल्या क्षारात कोणता धातू आहे ते ओळखायचं प्रॅक्टिकल, कधी अडलं नाही.

सेकंड ग्रुप, म्हणजे ॲसिडमध्येच या गॅसने साका देणारे धातू, आला की टेस्ट ट्यूब घेऊन किप्ससमोर रांग. कॉपर, लेड असेल तर काळाकुट्ट साका, कॅडमियमचा मात्र असला सुंदर पिवळा की ओतून टाकायला जीव व्हायचा नाही. झिंक, मँगनीज ॲसिडमध्ये बसत नाहीत, त्यांच्यासाठी नंतर अमोनिया घालून परत त्याच रांगेत. आणि वास! सडक्या अंड्यांचा. सुक्या बांगड्यात वाढलेल्या आम्ही मुली, पण पहिल्या दिवशी नाकाला ओढणी लावून उभ्या होतो. माझी चांदीची अंगठी तर आठवड्यात काळी पडली, आईला वाटलं सोनाराने फसवलं, बिचाऱ्याला चार शब्द ऐकवून आली.

लॅबमधले काका वासाची तक्रार केली की हसायचे. "वास येता तोपर्यंत भियाचा नाय. वास येवचो बंद झालो काय भायेर पळा." तेव्हा जोक वाटायचा. नंतर वाचलं की हा गॅस जास्त झाला तर आधी नाकच बधिर करतो आणि माणसाला कळतच नाही.

आता म्हणे थायोॲसिटामाईडच्या बाटलीवर काम भागतं, ते तापवलं की द्रावणातच हा गॅस सोडतं.

जाता जाता नळ फिरवून बघितला. जाम. काका दर शनिवारी व्हॅसलिन लावायचे त्याला.