पणजीत पाहुणी म्हणून

पणजीत मी अठरा वर्षं नोकरी केली. डिचोलीहून कदंब पकडायची, स्टँडवर उतरून पाट्टोचा पूल ओलांडायचा, संध्याकाळी परत तीच बस. मळा, म्हणजेच फोंतेन्यास, माझ्या लेखी म्हणजे जिथं कायम कुणाच्या तरी लग्नाआधीचे फोटो चाललेले असतात तो भाग. पुण्याची मावसबहीण दिवाळीनंतर राहायला आली आणि म्हणाली, "अगं, फोंतेन्यासमध्ये गाईड पायी फिरवतात म्हणे. जाऊ या का?" मला हसूच आलं. आपल्याच गावात पैसे मोजून चालायचं!

तरी मोबाईलवरून दोन जागा घेतल्या. मराठीतून सांगाल का, विचारलं. उत्तर आलं, "मराठी जाता, पूण दिल्लीचीं माणसां आसतलीं, हिंदीय उलोवचें पडटलें." खाली जागा आणि वेळ लिहिली होती: टोबॅको स्क्वेअर, ४ वाजता.

ही जागा मी कधी ऐकली नव्हती. पण बहिणीपुढे तसं कसं म्हणणार? नेलं तिला थेट चर्चच्या पायऱ्यांपाशी. तिथं वाट बघताना मला येत होतं तेवढं सांगून टाकलं, की वरची ती मोठी घंटा मूळची जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची. मठ ओस पडल्यावर ती आग्वादच्या दीपगृहावर गेली आणि १८७१ मध्ये इथं आली. बहीण खूश. दहा मिनिटांनी गाईडचा फोन, "ताई, खंय आसात? पोस्टाकडे या." म्हणजे मुख्य पोस्ट! जिथं मी शेकडो रजिस्टर पत्रं टाकली, ती इमारत एके काळी तंबाखूच्या व्यापाराची होती, आणि टांकसाळही तिथंच जवळ. अठरा वर्षं रांगेत उभी राहून मी फक्त तिकिटांचा डिंक पाहिला होता.

गाईड पंचविशीचा पोरगा, बोलका. साथीच्या रोगांनी जुनं गोवें ओस पडलं, व्हाईसरॉय १७५९ मध्ये इथं आदिलशहाच्या वाड्यात राहायला आला, १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली, हे त्यानं चालता चालता उरकलं. रंगला तो मळ्याच्या गोष्टीत. मोझांबिकमध्ये पैसा कमावून परतलेला सिकेर आडनावाचा एक जण, लोक त्याला 'मोशमीकार' म्हणत. त्यानं अठराव्या शतकाच्या अखेरीस इथं माड लावले. घरं नंतर उठली. फोंतेन्यास हे नाव झऱ्यावरून, पण बसचा कंडक्टर आजही 'मळा' असंच ओरडतो. मला तेच बरं वाटतं.

एका खिडकीपाशी त्यानं थांबवलं. काचेऐवजी शिंपले. तळहातापेक्षा लहान, चौकोनी कापलेले, लाकडी पट्ट्यांत एकाखाली एक सरकवलेले. आतून उजेड दुधासारखा येत असणार. मी बघायला वाकले आणि सरळ होताना बाही भिंतीला घासली. हाताला पिवळा चुना. पावसाळ्यानंतर ताजा हात मारलेला होता. समोरच्या दारावर 'फोटो काढू नयेत' अशी पाटी आणि आमच्या गटातली मंडळी नेमकी त्याच दाराला टेकलेली. आतून कुणीतरी जोरात खाकरलं. टेकलेली माणसं सरळ झाली. खरं सांगायचं तर मलाच ओशाळल्यासारखं झालं. माझ्या ओट्यावर रोज वीस माणसं येऊन उभी राहिली असती तर मी नुसती खाकरले नसते.

पुढे रुआ ३१ दे जानेरो, म्हणजे ३१ जानेवारीचा रस्ता. गाईड म्हणाला, पोर्तुगाल स्पेनपासून स्वतंत्र झाला तो हा दिवस. बल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, पेपर वाचत बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मान वर केली. "न्हय रे पुता! ती एक डिसेंबर, १६४०. ही १८९१ ची. पोर्तू शारांत प्रजासत्ताकवाल्यांनी उठाव केल्लो." आणि परत पेपरात. पोरगा लाल झाला, पण वाद घातला नाही. वहीत टिपून घेतलं. मला तिथंच तो आवडला.

सेंट सेबॅस्टियनचं कपेल, म्हणजे छोटं चर्च, बंद होतं. बाहेरून बघून निघणार, तेवढ्यात फुलं घेऊन एक बाई आल्या. "उगडटां, पूण फोटो काडपाचे न्हय." आत वेदीवर मोठा क्रूस. त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत, मान खाली झुकलेली नाही. हा क्रूस जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याच्या आरोपांची चौकशी करणाऱ्या न्यायालयाच्या, वाड्यातला. १८१२ मध्ये ते न्यायालय बंद झाल्यावर तो आदिलशहाच्या वाड्यात आला आणि १९१८ मध्ये इथं. चौकशीला आणलेल्या माणसाला हे डोळे बघावे लागत, असं गाईड म्हणाला. बाई गुमान फुलं लावत होत्या. त्यांच्यासाठी तो घरचा देव.

मला मात्र नार्वेचा सप्तकोटेश्वर आठवला. लहानपणी आजीबरोबर जायचे. दिवाडीवरचं देऊळ पोर्तुगीजांनी पाडलं, देव नदी ओलांडून आमच्या डिचोली महालात आला आणि शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार केला. दारावर तसा शिलालेख आहे. हे मी बाहेर आल्यावर दबक्या आवाजात बहिणीला सांगितलं. दिल्लीच्या दोघी मैत्रिणीही थांबून ऐकू लागल्या. गाईड बाजूला उभा राहून मान डोलावत होता.

शेवटचा टप्पा अल्तिनोच्या टेकडीच्या पायऱ्या चढायचा होता. बहिणीच्या नव्या चपलेनं टाच सोललेली. तो आम्ही सोडला आणि पाव घेऊन स्टँडकडे निघालो. बसमध्ये तिनं विचारलं, "नार्वेचा तो शिलालेख कोणत्या सालचा?" मला सांगता येईना. पेपरातून मान वर करणारा तो म्हातारा डोळ्यांपुढे आला. रात्री घरी जुनं पुस्तक काढून बघितलं: १६६८. सकाळी डबा घेऊन आम्ही दोघी नार्वेला गेलो.